एका दोरावर

"यंदा जमीर येऊन राह्यला," नेमसिंग म्हणाला, आणि ममताचा हात फोटोवरच थांबला.

अंगणातल्या बाजेवर फोटो पसरले होते. लडाखच्या एका आडबाजूच्या दरीतली ती तांबूस भिंत. रस्ता संपला की खेचरांवर सामान लादून चालत जायचं, थंडगार नदी ओलांडायची, तेव्हा कुठे ती दिसायची. तिच्यावर आजवर कोणी चढलं नव्हतं. मध्यावर एकच जागा अशी होती, जिथे रात्रीपुरतं टेकता येईल, आणि तिथे दोनच माणसं मावणार होती. ती जागा दोघा नवरा-बायकोनं मिळून फोटोंवरूनच शोधली होती.

"सामान राखाले येते काय तो?"

"नाही. चढाले."

ममताला काही उमगेना. जमीर आर्णीचा, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, चढण्यात पक्का. त्याच्याबद्दल तक्रार नव्हती. पण नेमसिंगचंच वागणं हल्ली तिला कळत नव्हतं. गावाबाहेरच्या कातळावर सरावाला गेलं की तो तिलाच पुढे चढायला लावायचा. उंचावरच्या वाऱ्यात हाक ऐकू येत नाही, म्हणून दोघांनी दोराला झटके देऊन बोलायच्या खुणा ठरवल्या होत्या, लग्नाच्याही आधी. त्या खुणा परवा त्यानं जमीरला शिकवायला सांगितल्या. तिलाच! तिनं शिकवल्या. मन लागत नव्हतं, तरी शिकवल्या.

"माहं काय चुकलं?" तिनं विचारलं. "त्या दिवशी कातळावर घसरली म्हणून?"

पलीकडे पाच वर्षांची सोनू कोंबडीच्या पिल्लांमागे पळत होती. नेमसिंग तिच्याकडे बघत होता.

"तू घसरली, मी दोर धरला. तुले सावरलं. मंग खाली पाह्यलं, त सोनू बोरीखाली एकटीच उभी. वरतं पाहून राह्यली होती. रडे बी ना. तिची माय बी दोरावर, बाप बी दोरावर. आता एका दोरावर दोघं नाही, ममता. एकानं तिच्याजवळ राहाचं."

म्हणजे हे होतं तर. लेकरू टाकून आई कुठं पहाडावर जाते काय, असं सासू तानाबाई सारखी म्हणायची. तेव्हा हाच नेमसिंग आईशी भांडायचा. ममताला संताप आला. पण तो बोलला ते खोटं होतं का? तसंही म्हणता येईना. रागवावं की मान डोलवावी, तिला समजेना. बोरीखाली उभी असलेली सोनू मात्र डोळ्यांसमोरून हलेना.

ती उठली. घरातून चढाईचे आपले बूट, पट्टे, कड्या, सगळं आणून तिनं बाजेवर ठेवलं, त्याच्यासमोर.

"घ्या, कामी पडलं त न्या. मी राहीन लेकराजवळ. कधी निघता तुम्ही दोघं?"

नेमसिंग त्या सामानाकडे पाहतच राहिला. मग तिच्याकडे. आता गोंधळायची पाळी त्याची होती.

"दोघं कोण? मले वाटलं, तुले समजलंच असंन," तो म्हणाला. "जमीर तुह्या जागी नाही, माह्या जागी येऊन राह्यला."