जागं होण्याचा क्रम

सावद्याची केळी पिकताना दोन बंद खोल्यांत साचणारा, श्वास कोंडणारा वायू मोजणारं यंत्र दीपमालाने बसवलं होतं. दोन्ही खोल्यांत एकेक सेन्सर होता. कुठला सेन्सर कुठल्या खोलीतला ते ओळखून त्याला पक्कं नाव देणारं सॉफ्टवेअर तिने वगळलं होतं; तेवढंच यंत्र झटपट सुरू व्हायचं. आधी जागा होईल तो सेन्सर एक नंबर खोलीचा धरायचा, मागचा दोनचा; रोज बरोबर जमायचं. आज लाइट जाऊन आली. "जाऊ का बेटा एक नंबर खोलीमा? हिरवा दिवा शे ना?" केळी बघायला निघालेल्या झुलालनानांनी विचारलं. "जा नाना, बिनधास्त," ती स्क्रीन बघून म्हणाली. चपला बाहेर काढून नाना शीळ घालत आत गेले. दार मागे लागलं. दोनचा आकडा लाल होता म्हणून तिने दोनचं दार सताड उघडलं. स्क्रीनवर लाल आकडा हलेना. घसरला तो हिरवा, एकचा. तिने वळून पाहिलं. दारापुढे चपला होत्या. शीळ थांबली होती.