फटफटीला धाप

तिवशाच्या शंकरपटात यंदा घरची बैलजोडी न उतरवता फटफटीच पळवून दाखवतो, अशी पैज वामनराव लावून बसले होते. सरावाच्या दोन फेऱ्यांतच इंजिन इतकं तापलं, की बंद पडलेलं सुरूच होईना. नंबर जवळ आला, तसं त्यांचं बूड जागेवर टेकेना.

गडी देवमन म्हणाला, "मालक, धाप लागलेल्या ढोराले लगेच पाणी दाखवत नाई. घडीभर सावलीत राहू द्या तिले."

"ते काय बैल हाये? लोखंड हाये," म्हणत वामनरावांनी अख्खी घागर इंजिनावर रिचवली. ताडकन आवाज झाला आणि इंजिनाला चीर गेली.

 

फटफटी घरापर्यंत ओढून आणलेल्या बैलांना देवमननं आधी घडीभर सावलीत उभं केलं, मगच पाणी दाखवलं.