रॉकेलचं माप

दामिनीने पिशवीतून आपली फुलदाणी काढली आणि टेबलावर तिला मातीकाम शिकवणाऱ्या उन्मेष सरांच्या फुलदाणीशेजारी ठेवली. प्रदर्शनाला आलेले लोक बाकीची भांडी सोडून तिकडे जमले.

दोन्हींचा आकार एकच, रेशन दुकानातल्या जुन्या रॉकेलच्या मापाचा. दोन्हींच्या पोटावर एकाच जागी तोच पोचा.

"चाल ना घरी, माय," मागून चंद्रभानजी लेकीला म्हणाले. "काहून तमाशा करून राहिली? मोठे मानूस हायेत ते. आपल्या दुकानात येऊन चहा पेले होते."

"म्हणून का चोरी करू द्याची, बाबा?"

चंद्रभानजी म्हणजे इतवारीच्या बाजारात भांडी विकण्यात हयात गेलेला माणूस. गिऱ्हाइकावरसुद्धा कधी आवाज चढवला नव्हता. दामिनीला आज त्या भिडस्तपणाचा संताप आला.

ते माप तिला भंगारात सापडलं होतं. त्याच्यावरून प्लास्टरचा साचा घेतला तेव्हा पोच्यामुळे ते आत असं अडकलं, की पत्रा कात्रीने कापून तुकड्या-तुकड्यांनी काढावा लागला. माप गेलं, साचा राहिला. तो बाबांच्या दुकानाच्या माळ्यावर कुलपात ठेवलेला. आणि नागपूरभर बोभाटा काय, तर शिष्येने गुरूची नक्कल केली! चोराच्या उलट्या बोंबा.

"सर, तुम्ही माझी फुलदाणी विकत आणून तिच्यावरून साचा काढलात," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "माती भट्टीत आकसते, हे तुम्हीच शिकवलंत. माती तीच, भट्टी तशीच. म्हणजे पुन्हा एकदा आकसून तुमची फुलदाणी माझ्या फुलदाणीपेक्षा बोटभर बुटकी असणार. मोजा."

"आणि नसली तर?"

"तर इथंच कान धरून माफी मागते."

"मोजा की. कर नाही त्याला डर कशाला?" सर हसले.

प्रदर्शन भरवणाऱ्या यमुताईंनी पट्टी आणली. आधी दामिनीची फुलदाणी मोजली, मग सरांची. चष्मा पुसून पुन्हा दोन्ही मोजल्या.

"सारख्याच आहेत गं," त्या म्हणाल्या. "केसाचाही फरक नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं. हात दाखवून अवलक्षण झालं होतं. दामिनीने कान धरले, माफी मागितली. "होतं असं, लहान आहे अजून," सर मोठ्या मनाने म्हणाले, तेव्हा तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फाटकाबाहेर येईपर्यंत ती रडली नाही. बाहेर आल्यावर मात्र चालता चालता थबकली. सरांची फुलदाणी तिच्या फुलदाणीवरून काढली असती तर ती बुटकीच निघाली असती. माप तर कधीच तुकडे होऊन गेलं. मग केसाचाही फरक नसलेली वस्तू निघते ती एकाच साच्यातून.

"बाबा, त्यायनं माझाच साचा वापरला! माळ्याचं कुलूप तोडलं असंन कोनं तरी. चला, आत्ताच पोलिसात जाऊ."

चंद्रभानजी स्कूटरची किल्ली हातात फिरवत उभेच राहिले.

"वापस देतो म्हणले होते वं सर," ते म्हणाले.