डुक्कर फियाटचा कार्बोरेटर

"डुप्लिकेटवर बी गाडी चालून राहिली ना, वकीलसाहेब," देवीदास म्हणाला. "मंग ओरिजिनल काहून पायजे?"

हरिहर वकिलांची नजर देवीदासच्या हातातल्या कार्बोरेटरवर होती. रविवारी अमरावतीत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. परीक्षक बॉनेट उघडून एकेक पार्ट तपासतात. वकिलांची डुक्कर फियाट बाहेरून लखलखत होती, पण आत बाजारातला नवा कार्बोरेटर बसवलेला होता. तेवढ्यापायी गेल्या वर्षी पहिलं बक्षीस हुकलं होतं. देवीदासच्या गॅरेजबाहेर गाडीला टेकून त्यांचा मुलगा शुभंकर उभा होता. आता तोही वडिलांच्या हाताखाली वकिली करायचा.

नऊ वर्षांपूर्वी हीच गाडी याच गॅरेजमध्ये दुरुस्तीला आली होती. परत गेल्यावर आठवडाभरात ओरिजिनल कार्बोरेटर बदलल्याचं उघड झालं. वकिलांनी बडनेऱ्यात, गॅरेजसमोरच्या चहाच्या टपरीजवळ, देवीदासची गचांडी धरली. चारचौघांत चोर म्हटलं. पोलिसांनी दोन दिवस बसवून ठेवलं. सिद्ध काहीच झालं नाही, पण गिऱ्हाइकं तुटली. मुलीची, वर्षालीची, ठरलेली सोयरीक मोडली. "चोराच्या घरची पोरगी नको," असं पाहुणे देवीदासच्या बायकोला, वच्छलाला, तोंडावर सांगून गेले. त्यानंतर वर्षालीनं घरात लग्नाचा विषयच काढू दिला नाही.

मागच्या महिन्यात अकोल्याला कुंदन भंगारवाल्याच्या दुकानात देवीदासला तो कार्बोरेटर दिसला. त्याचा पितळी स्क्रू त्यानं स्वतः लेथवर घडवला होता. ओळखायला क्षणही लागला नाही. कोणी विकला, तेही कुंदननं सांगितलं. वकिलाचं पोरगं, तेव्हा अकोल्यात कॉलेजात होतं. देवीदासनं कार्बोरेटर घरी आणला, विकणाऱ्याच्या नावासकट बातमी वकिलांच्या कानावर जाईल असं पाहिलं आणि वाट बघत बसला.

"किंमत बोल," वकील म्हणाले.

"पैसा नको. जिथं मले चोर म्हनलं, तिथंच उभं राहून खऱ्या चोराचं नाव सांगा. मंग न्या."

बाप पोराचं नाव घेणार नाही, याची देवीदासला खात्री होती. मान खाली घालून हा माणूस रिकाम्या हातानं जाईल, आणि आयुष्यभर जळेल. तेवढं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

वकील रस्ता ओलांडून टपरीपाशी गेले. कोर्टात करतात तसा त्यांनी घसा साफ केला.

"देवीदासनं चोरी केली नव्हती. कार्बोरेटर माझ्या मुलानं विकला. शुभंकरनं."

आवाज जराही अडखळला नाही. टपरीवरची माणसं हातातले कप तसेच धरून राहिली. वकील परत आले.

"तुमाले कवा समजलं?" देवीदासनं विचारलं.

"तेव्हाच. आण आता इकडे."

म्हणजे वर्षालीची सोयरीक मोडली, तेव्हा या माणसाला सगळं ठाऊक होतं. वकिलांचा पुढे आलेला हात टाळून देवीदासनं कार्बोरेटर शुभंकरच्या हातात ठेवला.

"तवा इकला तुमी. तुमीच द्या बापाले."

वडिलांना काही कळलेलं नाही, असंच शुभंकर नऊ वर्षं समजत होता.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही यांना..."

"घरी बोलू. नीट धर तो, पाडशील."

शुभंकर वडिलांकडे बघत राहिला. वडील कार्बोरेटरकडे बघत होते. मग त्यानं तो देवीदासच्या हातात परत दिला.

"काका, हा कोणालाही विका," तो म्हणाला. "फक्त बाबांना देऊ नका."