दोन जण, एक मूर्ती

लामदुआन गरम चिकट भाताची टोपली घेऊन शेजारच्या कुंपणाशी थांबली. भंते भिक्षेला निघाले होते. "मावशी, दान झालं की तुमच्या न्याहारीला भात ठेवते. किती जणांचा?"

"एका जणाचा," ओट्यावरून म्हातारी कामफन म्हणाली.

तिच्या मागेच पायवान उभा होता, तिचा धाकटा. डोक्यावर जेमतेम केस, भादरलेल्या भुवया अजून पुरत्या उगवलेल्या नाहीत. त्यानं नुकतंच पाणी तापवून आईचं अंग पुसलं होतं.

या गावात माणसं जणांनी मोजतात, म्हशी डोक्यांनी आणि भंते मूर्तींनी. मूर्तीला जणांत धरणं म्हणजे पापच. कामफन वर्षानुवर्षं सांगत आली होती, माझ्या पोटी दोन जण आणि एक मूर्ती. सांगताना मान काय ताठ व्हायची तिची! मुलाच्या चिवराचं टोक धरून आई स्वर्गाला जाते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. थोरले दोन जण शहरात गेले ते गेलेच.

पावसाळ्याआधी ती न्हाणीत पडली. पायवान विहारातून धावत आला आणि दारातच थबकला. चिवरातल्या माणसाला बाईला शिवता येत नाही, मग ती आई का असेना. लामदुआन शेतातून येईपर्यंत आई ओल्या फरशीवर विव्हळत होती आणि मुलगा उंबऱ्यावर रडत होता. त्याच आठवड्यात त्यानं चिवर उतरवलं. तेव्हापासून आईनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

"पोरगा तुमचं हगणंमुतणं काढतोय, मावशी," लामदुआन म्हणाली. "त्याला धरणार की नाही?"

"कशात धरू?" कामफन म्हणाली. "मूर्ती होती ती यानं मोडली. आणि जण मी मागितला नव्हता."

वळणावर भंते दिसताच पायवाननं आईला पाठीवर घेतलं आणि वाटेच्या कडेला नेलं. न्हाणीत पडल्यापासून तिचा एक हात लुळाच होता. दुसरा त्याच्या खांद्यावर काहीतरी चाचपत राहिला. खतवाल्यानं फुकट वाटलेल्या बनियनचा काठ हाताला लागला, तो तिनं मुठीत घट्ट धरला.

भंते ओळीनं पुढे आले. ती मान लांब करून मोजत होती.

"पाच मूर्ती," ती म्हणाली. "एक कमी आहे."