फुमिएचा चेहरा

त्सुनामीत ओनोदेरांचं घर गेलं, बायको फुमिए गेली आणि तिचे सगळे फोटोही गेले. म्हणून ते किर्यू शहरात कियोएकडे आले. ती चाळीस वर्षं मशीनवर जॅकेटांच्या पाठीवर भरतकाम करत होती, वाघ आणि ड्रॅगन.

"फोटोच नाही, तर मी बघून काय भरू?" कियोएने विचारलं.

"मी सांगतो. पण लवकर करा. ती रोज थोडी पुसट होत चाललीय."

ते शेजारी बसून सांगत राहिले. कियोए कापड ताणलेली रिंग दोन्ही हातांनी सुईखाली फिरवत धाग्याने चेहरा रंगवत गेली.

"डावा डोळा जरा बारीक. आणि हनुवटी एवढी नाजूक नको, हट्टी बाई होती."

कियोएने हनुवटी दोनदा उसवली. तिसऱ्या दिवशी दुपारी ओनोदेरा बोलायचे थांबले. त्यांना आता काही आठवत नसावं, असं वाटून कियोएने मशीन थांबवलं.

"सांगा ना पुढे," ती हळू आवाजात म्हणाली.

ओनोदेरांनी टोपी काढली, विरळ केस हातानेच नीट बसवले. नजर रिंगेवरून हलली नाही.

"आता तिच्यासमोर तिच्याबद्दल कसं बोलू?"