महाराणी पडल्या

नाटकातल्या राणीच्या पोशाखात बसलेल्या नायिकेचं चित्रकाराने कोळशाने काढलेलं चित्र तिच्या नवऱ्याला बघवलं नाही.

"हात नका लावू, कोळसा पक्का करायचा फवारा मारायचाय अजून!" चित्रकार ओरडेपर्यंत त्याने पंजाने चित्रातला चेहरा खसाखसा पुसला, बायकोला फरफटत रंगपटात नेलं आणि दार लावलं. आतून फाडकन आवाज आला.

बाहेर येऊन तो मंडळींकडे बघत हसला. "पडल्या पुन्हा महाराणी! घोळात पाय अडकला."

मंडळीही हसली. मागे दोनदा चित्रकाराने शंका काढली, तेव्हा सगळ्यांनी त्यालाच वेड्यात काढलं होतं.

मग राणी बाहेर आली.

पावडर लावलेल्या तिच्या गालावर कोळशाची पाच बोटं उमटली होती.